अर्धांगवायूचा दुसरा झटका आणि रोजची गोळी

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा अडखळूं लागली. परंतु वेळेवर उपचार झाल्यामुळें तीन महिन्यांत ते पुन्हां आपल्या हातानें पूजा करूं लागले. पुढें दात काढावयाचें निमित्त होऊन रोजची गोळी थांबली, ती थांबलीच. "आतां बरें वाटतें, मग गोळी कशाला?" असें आजोबांचें म्हणणें. थोरल्या सूनबाईंस वाटलें, धाकटी देते. धाकटीस वाटलें, मामंजींनीं डॉक्टरांस विचारूनच सोडली असेल. दोन महिन्यांनीं दुसरा झटका आला, आणि या वेळीं गेलेली वाचा परत आली नाहीं. गोळी चालू असती तर हें खात्रीनें टळलें असतें, असें कोणीही म्हणूं शकणार नाहीं. परंतु हातचा उपाय आपणच सोडला, ही रुखरुख त्या घरांत राहिली. म्हणून या विषयाची थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झटका दोन प्रकारचा असतो. बहुतेकांत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनींत गुठळी अडकते. कांहींत रक्तवाहिनीच फुटते. बाहेरून लक्षणें सारखींच दिसतात. भेद कळतो तो सी. टी. स्कॅन काढल्यावर. पहिल्या प्रकारांत जें औषध तारक, तेंच दुसऱ्या प्रकारांत मारक ठरूं शकतें. म्हणून झटका येतांच शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें रोग्याच्या तोंडांत अ‍ॅस्पिरिन टाकणें हा शुद्ध अविचार होय. शिवाय हृदयाचे ठोके अनियमित पडून गुठळी हृदयांतच तयार होत असेल, तर बहुधा निराळ्याच वर्गाचीं, रक्त गोठण्यास अटकाव करणारीं औषधें द्यावीं लागतात. याकरितां कारणाचा शोध आधीं, गोळी मागाहून.

रक्तांत प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म कणिका असतात. जखम झाली कीं त्या एकमेकींस चिकटून रक्तस्राव थांबवितात. पण खरबरीत झालेल्या रक्तवाहिनींतही त्या तशाच चिकटतात आणि गुठळीस आरंभ होतो. जर्मनींत १८९७ सालीं तयार झालेलें अ‍ॅस्पिरिन पुष्कळ वर्षें दुखण्यावरचें औषध म्हणूनच प्रसिद्ध होतें. तें शरीरांत नेमकें काय करतें याचा उलगडा इंग्लंडांतील जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं केला. त्या कार्याबद्दल १९८२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. अ‍ॅस्पिरिननें निष्प्रभ झालेली कणिका तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यांत पुन्हां सावरत नाहीं. परंतु नव्या कणिका रोज जन्मतात, म्हणून गोळीही रोजच घ्यावी लागते.

आतां निवडीचा प्रश्न. अ‍ॅस्पिरिन स्वस्त व जुनें; क्लोपिडोग्रेल तिच्या मानानें नवें. १९९६ सालीं १९,१८५ रोग्यांवर या दोहोंची तुलना प्रसिद्ध झाली. झटका, हृदयविकार किंवा तत्संबंधीं मृत्यु यांचें वार्षिक प्रमाण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत शेंकडा ५.८३, तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ५.३२ आढळलें. फरक आहे, पण थोडा. मग दोन्ही एकत्र कां घेऊं नयेत? झटका सौम्य असेल तर आरंभीं घ्याव्या. चीनमध्यें ५,१७० रोग्यांस पहिल्या चोवीस तासांतच औषध सुरू करून जो प्रयोग झाला, त्यांत २१ दिवस दोन्ही औषधें मिळालेल्यांपैकीं ९० दिवसांत शेंकडा ८.२ जणांस, तर केवळ अ‍ॅस्पिरिनवर असलेल्यांपैकीं ११.७ जणांस पुन्हां झटका आला. हे आंकडे २०१३ चे. परंतु दोन्ही दीर्घकाळ चालविल्यास लाभ वाढत नाहीं, रक्तस्राव मात्र वाढतो, हें २००४ सालींच दिसून आलें होतें. म्हणून आरंभीं दोन व पुढें एक, असा सामान्य क्रम आहे.

क्लोपिडोग्रेलची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. यकृतांत रूपांतर झाल्यावरच तें कार्य करतें, आणि आनुवंशिक कारणामुळें कित्येकांत तें रूपांतर कमी होतें. आम्लपित्तावरील ओमेप्राझोल हेंही त्यांत अडथळा आणतें. तसेंच सांधेदुखीवरील आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आड येतें. तेव्हां घरांतील सर्व औषधें, काढे व चूर्णें डॉक्टरांस मोकळेपणानें सांगावीं. शौचास डांबरासारखें काळें झाल्यास दिरंगाई करूं नये. दांत काढणें असो वा शस्त्रक्रिया, गोळी थांबविण्याचा निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावा. आणि रक्तदाब मोकाट ठेवून, तंबाखू चालूच ठेवून एका गोळीवर सारा भार टाकणें व्यर्थ आहे.

एकत्र कुटुंबांत सर्वांचें जें काम, तें पुष्कळदां कोणाचेंच होत नाहीं. त्या घरीं आतां गोळी देण्याचें काम एकट्या थोरल्या सूनबाईंकडे आहे. देवघराशेजारीं दिनदर्शिका टांगली आहे. गोळी दिली कीं नातू त्या दिवसावर खूण करतो. आजोबांस बोलतां येत नाहीं, पण खूण करावयाची राहिली तर ते डाव्या हाताचें बोट तिकडे दाखवितात.