चेहऱ्यावरचा वण : पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतरचे उपचार

अपघातात फाटलेला गाल, भाजलेला चेहरा, कर्करोगाची गाठ काढल्यावर उरलेला खळगा, जन्मतः दुभंगलेला ओठ : शस्त्रक्रियेने हे जोडले किंवा झाकले की एक काम संपते आणि वणाचे काम सुरू होते. वण पूर्ण पुसून टाकणारा उपचार अजून तरी निघालेला नाही. ठळक वणाच्या जागी फिकट वण आणणे, ओढलेली त्वचा सैल करणे, उंचवटा बसवणे, रंग जवळ आणणे आणि रेघ नजर ठरणार नाही अशा जागी वळवणे, एवढेच सर्जनच्या हाती असते. हे पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगितले नाही, तर पुढे कितीही खर्च करून त्याचे समाधान होत नाही.

या कलेच्या इतिहासातली एक महत्त्वाची नोंद महाराष्ट्रातली आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासह आली. नाकाच्या थोट्यावर मेणाचा पातळ साचा बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने कातडी कापायची आणि दोन डोळ्यांच्या मधला देठ शाबूत ठेवून ती खाली वळवायची, अशी ती रीत होती. जोडावर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या घड्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापणे. कपाळावरचा वण काही काळाने फारसा दिसत नाही, हेही त्या वृत्तांतात नोंदलेले आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच शस्त्रक्रिया १८१४ मध्ये केली आणि ती युरोपभर पसरली. कपाळाची कातडी नाकासाठी आजही वापरतात, आणि कपाळावरचा वण आजही आश्चर्य वाटावे इतका चांगला भरतो.

तो भरतो काळाने, आणि वणाच्या उपचारात सगळ्यात जास्त चुका या काळाच्याच हिशोबात होतात. जखम मिटली म्हणजे ती पक्की झाली असे नव्हे. पहिल्या काही दिवसांत दाह असतो. नंतरच्या आठवड्यांत शरीर घाईने कोलॅजेनचे तंतू टाकते. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष हे तंतू मोडून नीट रचले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण सगळ्यात लाल, कडक आणि खाजरा असतो. रुग्ण घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो तो याच वेळी, आणि नेमके याच वेळी वणावर पुन्हा सुरी चालवणे बहुधा चुकीचे ठरते. तोच वण वर्षभरात आपोआप सपाट व फिकट होण्याची शक्यता मोठी असते. म्हणून सुधारणेची शस्त्रक्रिया साधारण सहा महिने ते वर्षभर लांबवतात. अपवाद ओढ बसून खालची पापणी उलटलेल्या डोळ्याचा, किंवा आवळून उघडेनाशा झालेल्या तोंडाचा. उघडी राहिलेली बुब्बुळे वाळून नजर जाऊ शकते, तिथे वण पिकण्याची वाट बघत नाहीत. पक्का झालेला वणसुद्धा मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्केच मजबूत होतो.

या वाट पाहण्याच्या काळातही करण्यासारखे बरेच असते. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत काढतात. जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच ठिपके उमटतात. जखम पूर्ण मिटल्यावर कागदी चिकटपट्टी कडांवरचा ताण कमी करते. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दिवसाचे बारा तास किंवा अधिक, किमान दोन-तीन महिने वापरावे लागते. दाट मेकअपपेक्षा याचा उपयोग पुष्कळ जास्त, पण नेटाने लावणारे थोडेच. बोटाने दाब देऊन केलेले मालीश कडकपणा घटवते. मोठ्या भाजण्यानंतर चेहऱ्याच्या मापाचा पारदर्शक, कडक मुखवटा दिवसाचे जवळपास २३ तास घालायला देतात. त्यातून वण कुठे पांढरा पडतो ते दिसते आणि दाब नीट बसतो की नाही ते कळते.

विदर्भातल्या शेगावसारख्या गावी या यादीत पहिला क्रमांक उन्हाचा. इथल्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि कोवळ्या वणावर ऊन पडले की गव्हाळ-सावळ्या त्वचेत तो काळपट होतो. हा काळपटपणा कित्येक महिने, कधी वर्षभर टिकतो. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावणे आणि डोक्या-चेहऱ्यावर दुपट्टा घेणे, दोन्ही हवे. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर आषाढीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांचा महिनाभराचा प्रवास ज्येष्ठाच्या उन्हातून सुरू होतो. ज्याच्या चेहऱ्याला नुकतेच टाके पडले आहेत त्याने त्या वर्षी ही वाट बसने केलेली बरी. घरगुती उपायांपैकी लिंबाचा रस लावून उन्हात जाणे सर्वांत वाईट : रसातल्या द्रव्यांवर ऊन पडून त्वचा पोळते आणि नवाच डाग उमटतो.

काही वण मात्र काळाला सहज दाद देत नाहीत. जखमेच्या हद्दीतच उंच व लाल राहणाऱ्या वणाला हायपरट्रॉफिक म्हणतात. तो पुढे बसू शकतो. हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो तो किलॉइड. सावळ्या त्वचेत त्याचे प्रमाण जास्त असते, आणि कानाची पाळी व जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. दोन्हींवर पहिला उपचार ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडच्या सुईचा, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. सुई वणाच्या गाभ्यातच गेली पाहिजे. औषध आजूबाजूला सांडले तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो किंवा पांढरा डाग येतो, आणि सावळ्या चेहऱ्यावर पांढरा डाग मूळ वणापेक्षा जास्त दिसतो. स्टेरॉइडने न दबणाऱ्या वणात ५-फ्लुरोयुरॅसिल मिसळतात; गर्भवतीला ते देत नाहीत. किलॉइड नुसता कापून काढणे म्हणजे बहुतेकदा पहिल्यापेक्षा मोठ्या किलॉइडला आमंत्रण. काढायचाच असेल तर सोबत स्टेरॉइड किंवा लगेच रेडिएशन द्यावे लागते.

सर्जनची खरी कसोटी रेघ वळवण्यात लागते. चेहऱ्याच्या त्वचेत ताणाच्या नैसर्गिक रेषा असतात : कपाळावर आडव्या, डोळ्याच्या कोपऱ्यापासून किरणांसारख्या, ओठांभोवती उभ्या. या रेषांना समांतर गेलेला वण सुरकुतीत मिसळतो, आडवा गेलेला प्रत्येक हसण्यासरशी रुंदावतो. आडव्या वणासाठी झेड-प्लास्टी वापरतात. मधल्या रेघेच्या दोन्ही टोकांपासून एकेक तिरका छेद घेऊन दोन त्रिकोणी झडपा तयार करायच्या आणि त्यांची जागा एकमेकींत बदलायची, की रेघ फिरते आणि तिची लांबीही वाढते. झडपांचा कोन ६० अंशांचा असेल तर हिशोबाने लांबी सुमारे ७५ टक्के वाढते, ४५ अंशांत ५० टक्के, ३० अंशांत २५ टक्के. प्रत्यक्ष त्वचेत थोडे कमी मिळते. आवळलेली पापणी किंवा ओठाचा कोपरा सोडवायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. गालावरच्या लांब सरळ रेघेला लांबी वाढवायची नसते. तिथे डब्ल्यू-प्लास्टीने रेघ नागमोडी करतात. सरळ रेघेवर डोळा धावत जातो, तुटक रेघेवर तो अडखळतो. अर्थात छेद वाढले म्हणजे टाके वाढले, आणि अनुभव नसलेल्या हातून हे सगळे उलटही उठते.

जिथे त्वचाच नवी आणून लावलेली असते, तिथली दुखणी वेगळी. मांडीची पातळ कातडी चेहऱ्यावर आकसते आणि काळवंडते, म्हणून शक्य तेव्हा कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची पूर्ण जाडीची कातडी घेतात; तिचा रंग चेहऱ्याशी जुळतो. नाक, गाल, ओठ अशा प्रत्येक भागाच्या हद्दी असतात. शिवण त्या हद्दीवर आली तर ती सावलीत लपते. म्हणून अनुभवी सर्जन कधीकधी थोडी चांगली त्वचाही काढून संपूर्ण भागच बदलतो. अर्धगोल वणाच्या आतली झडप सुजून उशीसारखी फुगते. तिला निदान सहा महिने दिले जातात, मग आतली चरबी पातळ करून कडेला झेड-प्लास्टी करतात. फार रुंद वण काढायचा असेल तर शेजारच्या निरोगी त्वचेखाली फुगा ठेवतात. त्यात आठवड्याआठवड्याने सलाइन भरून त्वचा वाढवतात आणि ती सरकवून वणाची जागा झाकतात. टाळूच्या भाजलेल्या भागासाठी हा उपाय फार उपयोगी, कारण केसाला केस मिळतो.

लेझरची जाहिरात जितकी मोठी, तितकी त्याच्या मर्यादांची चर्चा नाही. लाली घालवायला ५९५ नॅनोमीटरच्या आसपासचा डाय लेझर, खडबडीतपणाला फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. दुसरा त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडतो आणि त्यांच्या मधली त्वचा शाबूत ठेवतो. तीन-चार खेपांत फरक दिसतो. भारतीय त्वचेत जोर जास्त लावला तर काळे डाग उठतात, म्हणून कमी घनता, जास्त अंतर आणि आधी छोटी चाचणी. त्वचा घासून काढणाऱ्या डर्माब्रेशनला याच कारणाने इथे जपून हात घालतात. खोलगट वणाखाली पोटाची चरबी सुईने भरल्यास खड्डा उचलला जातो आणि वरची त्वचाही मऊ होते. भरलेल्या चरबीचा काही भाग मात्र विरून जातो.

शेगावात उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे टाके आणि मलमपट्टी होते. पुढच्या कामासाठी सुमारे ४० किलोमीटरवर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि गुंतागुंतीचे असेल तर मुंबई-हावडा मार्गावरचीच गाडी धरून सुमारे ३०० किलोमीटरवरचे नागपूर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केलेला विभाग देशातल्या आरंभीच्या प्लास्टिक सर्जरी विभागांपैकी एक. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या आकुंचनावरील शस्त्रक्रिया बसतात, निव्वळ सौंदर्यासाठीच्या बसत नाहीत. म्हणून मान किंवा ओठ हलत नसल्याची नोंद कागदावर स्पष्ट असावी लागते. ॲसिड हल्ल्यातील पीडितेवर मोफत उपचार करणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे.

दुभंगलेल्या ओठाच्या मुलांचे वेळापत्रक सर्वांत लांब. या व्यंगांच्या वर्गीकरणाची एक पद्धत डॉ. बालकृष्णन यांच्यामुळे नागपूर वर्गीकरण म्हणूनच ओळखली जाते. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात जोडतात, टाळू वर्षाच्या आसपास. ओठाची लाल-पांढरी सीमा एक मिलिमीटर जरी चुकली तरी ती लांबून दिसते. ती शाळेत जाण्यापूर्वी दुरुस्त करतात. नाकाची शेवटची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ थांबल्यावर, सोळा-अठराच्या वयात. मुलगा असेल तर वरच्या ओठावरच्या वणात केस रोपून मिशी पुरी करता येते. मुलीसाठी सूक्ष्म गोंदण करून ओठाची कड रेखतात.