लष्करी प्रशिक्षण आणि मागे राहिलेले घर

डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीचे दीक्षान्त संचलन दर वर्षी जून आणि डिसेंबर महिन्यांत होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून जी छायाचित्रे येतात, त्यांत नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर तारे लावणारे हात बहुधा आई-वडिलांचे असतात. क्वचित एखाद्या छायाचित्रात ते हात पत्नीचे असतात आणि तिच्या कडेवर मूल असते. अशा चित्राचे सर्वत्र कौतुक होते. परंतु त्याआधीची काही वर्षे ते घर कसे चालले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने ती चौकशी करावीशी वाटते. अधिकारी घडविण्याच्या खर्चाचा एक भाग ही घरे उचलीत असतात आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

लष्करी छात्र म्हणजे अविवाहित तरुण, अशी आपली समजूत आहे आणि ती बव्हंशी खरी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वा डेहराडूनच्या थेट प्रवेशात उमेदवार अविवाहितच लागतो. प्रशिक्षणकाळात त्याने विवाह केला, तर त्याला बाहेर पडावे लागते आणि शासनाने केलेला खर्चही परत करावा लागतो. परंतु शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाला अधिकारी होण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज. १९६० साली नौगाव येथे सुरू झालेली ही संस्था १९६४ मध्ये पुण्यास आली व १९७७ पासून डेहराडूनला आहे. बारावी उत्तीर्ण झालेला, वीस ते सत्तावीस वर्षे वयाचा जवान लेखी परीक्षा व निवड मंडळाची मुलाखत ओलांडून येथे येतो. तीन वर्षांत पदवी घेतो आणि चौथे वर्ष लष्करी प्रबोधिनीत काढतो. आपल्याकडे खेड्यांत मुलांची लग्ने नेमकी याच वयात होतात. त्यामुळे या मार्गाने जाणाऱ्यांत विवाहित जवानही असतात, आणि त्यांचा विचार कोणी वेगळा केलेला दिसत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आमच्या करडीचे उदाहरण घेऊ. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. येथला एखादा विवाहित जवान आर्मी कॅडेट कॉलेजात निवडला गेला, तर त्याचे घर चार वर्षे कसे चालेल? तो पलटणीत असता, तर एखाद्या शांत ठाण्यावर कुटुंबासाठी निवासस्थान मिळण्याची आशा तरी होती. छात्र झाल्यावर त्याला वसतिगृहातच राहावे लागते. पत्नी मुलांना घेऊन सासरी राहते. जुलै महिन्यात रोवणीची घाई असते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी रोख द्यावी लागते. सासऱ्यांचे औषधपाणी, मुलाची शाळा, धान खरेदी केंद्रावरील नोंदणी, सेवा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाची मुदत, ही सारी कामे तिच्यावर येतात. त्यांतील निम्म्या कामांना सही मात्र नवऱ्याची लागते, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचे असते. नवरा डेहराडूनला रात्री नकाशावाचनाचा अभ्यास करीत असतो आणि इकडे बायको एका सहीसाठी तिसऱ्यांदा तालुक्याला जाते. पतीने निघण्यापूर्वी मुखत्यारपत्र करून दिले, तर यातील बराच त्रास टळेल; परंतु हे त्याला सांगणार कोण? शेतकरी संघटनेने नव्वदीच्या सुरुवातीस 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह गावोगाव टिकला असता, तर आज या स्त्रियांची पायपीट पुष्कळ कमी झाली असती.

पैशाचाच प्रश्न असेल, तर तो सुटल्यासारखा आहे, असे कोणी म्हणेल. लष्करी प्रबोधिनीत अंतिम प्रशिक्षण घेणाऱ्या छात्राला सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा ५६,१०० रुपये छात्रवेतन ठरले आहे, आणि ते कमी नाही. पण येथे तुटवडा पैशापेक्षा माणसाचा आहे. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण त्या कामाचे वेतन थांबते. वर्गात हे उदाहरण सांगितले की विद्यार्थी हसतात. त्यांच्याच आयांच्या श्रमांचा हिशेब त्यात आहे, हे त्यांच्या उशिरा ध्यानात येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता, आणि मुळात असे पुरुष फार थोडे. पती प्रशिक्षणाला गेला की या २९९ मिनिटांत त्याच्या वाटचे कामही येऊन पडते.

याशिवाय जोखीम आहे, आणि ती अविवाहित छात्राच्या घरालाही चुकत नाही. प्रशिक्षणात पाठीचा कणा दुखावला वा डोक्याला मार बसला, तर थेट प्रवेशाचा छात्र अधिकारी होण्याआधीच घरी येतो. अशा युवकांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नाची आपणहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू करण्यात आली. तोपर्यंत त्यांची शुश्रूषा घरच्यांनीच केली होती.

आता दुसरी बाजू पाहावी. प्रशिक्षणाला जाणारी पत्नी असेल आणि मागे राहणारा पती असेल, तर? सैन्यातील सर्वसाधारण भरतीत ही शक्यताच नियमाने खोडून टाकली आहे. महिला उमेदवार अविवाहित हवी, अथवा पुनर्विवाह न केलेली निपुत्रिक विधवा वा घटस्फोटिता हवी. सैनिकाच्या विधवेला मात्र स्वतंत्र जागा आहे. तिला मुले असली तरी चालतात आणि वयाची मर्यादा ३५ वर्षांपर्यंत वाढवलेली आहे. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांच्यासाठी वयाची अट आणखी शिथिल करण्यात आली. दोन मुलांची सोय लावून त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत गेल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. विरारच्या गौरी महाडिक २०२० च्या मार्चमध्ये त्याच प्रबोधिनीतून बाहेर पडल्या, आणि मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे प्रशिक्षण पुरे केले. या तिघींच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नियमाकडे पाहिले, तर विचित्र चित्र दिसते. मुले असलेली स्त्री हे कठोर प्रशिक्षण पूर्ण करू शकते, हे शासनाला मान्य आहे. मात्र तिचा पती हयात असेल, तर मान्य नाही. पती जिवंत असताना तो तिच्यामागे घर सांभाळील, ही कल्पनाच नियम करणाऱ्यांना सुचली नसावी.

१७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला. त्या वेळी केंद्र शासनाने मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्या यांचे कारण पुढे केले होते, ते न्यायालयाने फेटाळले. विवाह केला म्हणून १९८८ साली सेवेतून काढलेल्या लष्करी परिचारिका अधिकारी सेलिना जॉन यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने साठ लाख रुपयांची भरपाई देवविली. त्यासाठी छत्तीस वर्षे लागली. नोकरीत असलेल्या स्त्रीचा विवाह आता आड येत नाही; प्रवेशाच्या दारात मात्र तो अद्याप उभा आहे. प्रशिक्षण खडतर असते, गर्भारपण त्यात शक्य नाही, हा युक्तिवाद समजू शकतो. पण त्यासाठी गर्भारपणापुरता नियम पुरेसा आहे. विवाहावर बंदी कशाला?

आमच्या शिक्षकवर्गाला हा प्रश्न परका नाही. राष्ट्रीय छात्रसेनेची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकाला प्रशिक्षणासाठी कामठीस जावे लागते. कामठी आम्हाला जवळ. शिक्षिकेला मात्र ग्वाल्हेर गाठावे लागते. शिक्षक कामठीला गेला की घरी काही बदलत नाही. डबा वेळेवर होतो, मुले शाळेत जातात. शिक्षिकेने ग्वाल्हेरचे नाव काढले की सासरी बैठक बसते. काही आठवड्यांच्या या प्रशिक्षणासाठी तिची हजेरी शासन कर्तव्यकाल म्हणून धरते, परंतु त्या काळात घर सांभाळणाऱ्या पतीला रजा मागायची, तर अर्जात कारण कोणते लिहावे, याचा रकाना आमच्या कोणत्याही कार्यालयातील छापील नमुन्यात नाही. तो बहुधा 'घरगुती काम' असे लिहितो, आणि मुख्य लिपिक त्याच्याकडे चष्म्यावरून पाहतो.