परवाना आधी, बटण नंतर

विंचूरच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराची अडचण डोळ्यांसमोर आणा. तो बागेच्या या टोकाला, छाटणीची माणसे त्या टोकाला, ट्रॅक्टर कांदा घेऊन लासलगावच्या वाटेवर आणि मोबाइलची रेंज नेमकी हवी तेव्हा गायब. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकीची जोडी घरपोच मिळते. डबा उघडला, बॅटरी चार्ज केली, बटण दाबले की बोलणे सुरू. इतके सोपे असताना परवाना, परीक्षा, नियमांची पुस्तिका ही भानगड कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा काढल्या त्या याच जोड्यांसाठी. वॉकीटॉकी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालते, तिला परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातले काही न सांगता ती खेळण्यासारखी विकली जात होती. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवान्यातून सूट आहे. आपल्या बागायतदाराने तसा संच घेतला तर प्रश्न मिटला. पण बाजारात लोकप्रिय असलेले स्वस्त संच बहुधा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ हा सगळा पट्टा उघडून देतात. या ३८ मेगाहर्ट्झपैकी हौशी रेडिओसाठी, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्यासाठी, आपल्याकडे राखून ठेवलेले आहेत फक्त दोन : १४४ ते १४६. बाकीच्या जागेत सरकारी खाती आहेत, खासगी परवानाधारक आहेत, १५६.८ मेगाहर्ट्झवर समुद्रातल्या जहाजांची संकटकाळची हाक आहे. १३७ च्या खाली तर विमानांचा पट्टा सुरू होतो. बटण तेच, आवाजही तोच, पण घुसलो कुणाच्या शिवारात हे संच सांगत नाही. ते माणसाला ठाऊक असावे लागते.

मग हॅमचा परवाना काढला तर? इथे नवख्याला पहिला धक्का बसतो. परवाना हातात असला तरी ट्रॅक्टरवाल्याला ‘आज लासलगावला काय भाव निघाला?’ असे विचारता येत नाही. व्यवसायाचे बोलणे हौशी पट्ट्यावर चालत नाही. गाणी वाजवता येत नाहीत, कारण ते प्रसारण झाले. सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. जे बोलायचे ते साध्या, कुणालाही कळेल अशा भाषेत. शेजाऱ्याचा निरोप त्याच्या पुण्यातल्या मुलाला पोचवणेही एरवी वर्ज्य, कारण तो तिसऱ्याचा निरोप. चुकून कानावर पडलेले दुसऱ्याचे संभाषण चावडीवर सांगत सुटणेही वर्ज्य.

एवढे सगळे वगळल्यावर उरते काय, असे वाटेल. उरते ते शिकणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने हौशी रेडिओची जी व्याख्या केली आहे, तिचा गाभा स्वतः शिकणे, एकमेकांशी संपर्क साधणे आणि तांत्रिक प्रयोग करणे हा आहे, आणि तोही पैशाचा हेतू न ठेवता. म्हणूनच हा सारा पट्टा परवानाधारकांना वापरायला मिळतो. त्याची बाजारात किंमत किती मोठी झाली असती, हे मोबाइल कंपन्यांच्या लिलावांच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. भावाची चौकशी एकदा चालू दिली की सहा महिन्यांत तो पट्टा वायदेबाजार होईल. व्यवसायबंदीचा नियम कडक वाटतो, पण माझ्या मते सगळ्या पुस्तिकेतला तोच सर्वांत शहाणा नियम आहे.

आपल्याकडची परीक्षा दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ ही शाखा घेते. वयाची बारा वर्षे पुरी झालेला कुणीही बसू शकतो. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडसाठी फक्त लेखी परीक्षा. जनरलसाठी मोर्सही यावे लागते, मिनिटाला आठ शब्द या वेगाने. यश मिळाले की स्वतःचे जगात एकमेव असे संकेतनाम मिळते. रिस्ट्रिक्टेडवाल्याचे ‘व्हीयू३’ने सुरू होते, जनरलवाल्याचे ‘व्हीयू२’ने. राजीव गांधींचे व्हीयू२आरजी होते, हे जुने हॅम अजून कौतुकाने सांगतात.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात. एक रेडिओचे तंत्र, दुसरा नियम. दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. सर्किटमध्ये पैकीच्या पैकी मिळवून नियमांची कसर भरून काढता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुले नेमकी इथे अडखळतात. त्यांना नियम म्हणजे नागरिकशास्त्रासारखे घोकून टाकायचे प्रकरण वाटते. खरे तर बहुतेक नियमांच्या पोटात भौतिकशास्त्रच आहे, आणि ते कळले की घोकावे लागत नाही.

उदाहरणार्थ, ‘आधी ऐका, मगच बोला.’ विंचूरहून दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे त्या १४४-१४६ मध्ये, हातातल्या संचाने बोलायचे तर लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई आड येते. दोघेही सपाट रानात उभे असतील तर साधारण दहा किलोमीटर. दोघांच्या अँटेना दहा-दहा मीटर उंच नेल्या तर पंचवीस-सव्वीस. नाशिक शहर सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर, म्हणजे मधल्या एखाद्या उंच जागी आवाज उचलून पुढे देणारे रिपीटर केंद्र लागणार. ७ मेगाहर्ट्झवर मात्र चित्र पालटते. या लहरी शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबर या विद्युतभारित थरावरून परत खाली येतात. दिवसा महाराष्ट्र आणि शेजारची राज्ये, रात्री थेट परदेश. पण कधीकधी लहर वरून उडी मारताना मधला टापू सोडूनच देते. त्यामुळे तुम्हाला रिकामी वाटलेली फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षात रिकामी असेलच असे नाही. एक बोलणारा ऐकू येत नसला तरी त्याला उत्तर देणारा ऐकू येऊ शकतो. म्हणून आधी थांबायचे, कान द्यायचे, ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असे विचारायचे आणि मग स्वतःचे संकेतनाम सांगून सुरुवात करायची. कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको.

संच नीट जुळवलेला नसला तर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही कचरा बाहेर पडतो, हेही नियमांत येते. १४५ ची तिप्पट ४३५. म्हणजे बोलतोय इथे आणि बांध कोरतोय तिकडे कुणाचा.

आता आरोग्याचा भाग, कारण अँटेना चढवताना तो फार लवकर विसरला जातो. प्रक्षेपण चालू असताना अँटेनाला हात लावला तर भाजते, आणि हे भाजणे कातडीखालीही जाते. धोका त्याहून मोठा आहे तो गच्चीजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांचा. खांब घसरून पडला तरी तारेला लागणार नाही इतके अंतर हवेच. मांडणीला चांगले अर्थिंग द्यावे आणि वळवाच्या ढगांचा गडगडाट सुरू झाला की अँटेनाची केबल संचातून काढून ठेवावी.

सरकार या छंदाकडे इतक्या संशयाने का पाहत आले, याचे एक उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी प्रक्षेपण बंद केले आणि संच पोलिसांकडे जमा करायला लावले. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या रेडिओच्या जाणकाराचा हात होता. लहरींची लांबी ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागून पाहा : ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या हॅमचा गजबजलेला पट्टा तो हाच, ७.० ते ७.२. नोव्हेंबरात पोलिसांनी केंद्र पकडले आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. स्वातंत्र्यानंतरही १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा तसेच राहिले. हौशींसाठीचे सविस्तर नियम १९७८ मध्ये आले आणि पुढे वेळोवेळी सैल होत गेले. त्या दोन जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्याने कुणाच्या जुन्या नोट्सवर विसंबू नये, दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावरची ताजी नियमावलीच वाचावी.

तिसऱ्याचा निरोप नको म्हणणारा नियम एकाच वेळी बाजूला होतो : आपत्तीत. भूकंप, पूर, चक्रीवादळ आले की हॅमने इतरांचे निरोप न्यायचे असतात. किल्लारीच्या भूकंपात हॅम मंडळी कामाला लागली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. आल्या होत्या दूरदूरच्या हॅमशी संपर्क साधण्याच्या हौसेने. लाट आली आणि तेच केंद्र अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचवणारे ठरले. आपल्या निफाड तालुक्यात ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीने सायखेडा-चांदोरीला वेढा दिला होता, तो अनेकांना आठवत असेल. अशा रात्री टॉवरची वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एक संच आणि तो चालवणारा एक शिकलेला माणस पुरेसा असतो.

शिकलेला, कारण निरोप नेण्याचीही शिस्त आहे. त्यात आपले शब्द घालायचे नाहीत, गाळायचे नाहीत. खरखरीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून नाव अक्षरागणिक सांगायचे. विंचूरची रोमन अक्षरे होतात : व्हिक्टर, इंडिया, नोव्हेंबर, चार्ली, हॉटेल, युनिफॉर्म, रोमिओ. प्रत्येक संपर्काची नोंद वहीत करायची : तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचे संकेतनाम. वेळ लिहिताना बहुतेक हॅम जागतिक प्रमाणवेळ वापरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. किल्लारीचा भूकंप आपल्या आठवणीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, ३ वाजून ५६ मिनिटांचा. जागतिक नोंदींत तो २९ सप्टेंबरचा आहे. वेळेचे नाव लिहिले नाही तर नोंद एका दिवसाने चुकते, आणि मदत कुठे कधी मागितली याचा हिशेब लागत नाही.

तयारीला दोन-तीन महिने रोजचा तासभर बहुतेकांना पुरावा. सातवी-आठवीच्या मुलांना नियमांपेक्षा ओहमचा नियम जड जातो, मोठ्यांचे उलट. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा असतो. परवाना येईपर्यंत कान तयार करायला नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरचा रिसीव्हर आहे. मोबाइलवर उघडा, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास काटा फिरवा आणि लोक संकेतनाम कधी सांगतात, दुसऱ्याला जागा कशी देतात, ते ऐका. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून शाळकरी मुलांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. स्थानक आकाशात एका बाजूने उगवून दुसरीकडे मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. प्रश्न आधी लिहून ठेवलेले, रांग ठरलेली, आणि प्रत्येक वाक्य संपले की एकच शब्द : ‘ओव्हर’.