मैदानाच्या कडेला उभी असलेली बाई

महाडहून पोलादपूरकडे जाणारी संध्याकाळची एस. टी. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या गोष्टी ठरवते. स्नेहसंमेलनाची तालीम कधी आटपायची, पाहुण्या वक्त्याने किती लांबवायचे, हे सारे त्या लाल गाडीच्या हाती! मी शिकवतो मराठी. जिमखाना समितीत माझे नाव आले ते केवळ एक जागा रिकामी होती म्हणून. कबड्डीतली निदान रेषा कोणती, हेही मला विद्यार्थ्यांनीच शिकवले.

ही गोष्ट २०१६ सालची. आमच्या मुलींच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली होती. चढाईला गेली की एखाद्या खारीसारखी निसटून यायची. दिवाळीच्या सुमारास ती एक दिवस माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "सर, उद्यापासून मी सरावाला यायची नाही."

कारण विचारायची गरजच नव्हती. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात वाहून गेला होता आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या दोन एस. टी. गाड्याही. त्यानंतर आमच्या भागात दिवेलागणीला मुलगी घरी पोचली नाही, तर आईबापांच्या जिवात जीव राहत नसे.

तरीही मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. भाताची झोडणी चालली होती. त्यांनी हात धुतले, मला घोंगडीवर बसवले, चहा सांगितला. माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, "सर, तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा. पण त्या मैदानावर बाईमाणूस कोण असतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चहा पिऊन मी परत आलो.

हा प्रश्न काही पोलादपूरच्या वाडीचाच नव्हे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल शोधून काढला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महिला महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ रोजी तिथल्या मुलींचा पहिला सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. म्हणजे सुधारलेल्या अमेरिकेतल्या आईबापांनाही तीच काळजी होती म्हणायची! खेळ रुजला, कारण कडेला एक बाई उभी होती. पुढे त्याच देशात पॅट समिट ही खेळाडू झाली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले आणि टेनेसी विद्यापीठाच्या मुलींना १९७४ पासून २०१२ पर्यंत शिकवून १,०९८ सामने जिंकून दिले. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. शिकवणारीचे चाळीस वर्षांचेही असू शकते.

पण इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन घ्या. त्या स्वतः कबड्डी खेळल्या, मग राज्य सरकारच्या नोकरीत अनेक वर्षे मुलामुलींना कबड्डी शिकवत राहिल्या. निवृत्तीनंतर बाई नातवंडे सांभाळतील, देवदर्शनाला जातील, असे आपण म्हणतो ना? या बाई इराणला गेल्या! तिथल्या मुली डोईला रुमाल बांधून खेळणाऱ्या, भाषा फारसी. बाईंनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि त्या मुलींना आपला प्राणायाम शिकवला.

आशियाई खेळांत महिलांची कबड्डी २०१० साली आली. त्या वर्षी आणि २०१४ सालीही सुवर्णपदक भारताचेच. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्त्याला अंतिम सामना झाला तो भारत आणि इराण यांच्यात. इराणने २७-२४ असा जिंकला. मी घरी दूरदर्शन संचापुढे बसलो होतो. आपल्या मुली रडत होत्या आणि त्यांना हरवणाऱ्यांची गुरू होती आपल्याच महाराष्ट्राची! हसावे की रडावे कळेना. सौभाग्यवती म्हणाली, "मुली हरल्या हे खरं, पण आपल्या बाईला त्यांनी ओळखलं, आपण नाही." यावर मी काय बोलणार? पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौला भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून ते पद परत आणले, तेव्हा कुठे जिवाला बरे वाटले.

मी निरुत्तर होऊन परत आलो होतो, त्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. महाडातच एक गृहिणी होत्या. लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या. लग्नानंतर पंधरा वर्षांत मैदानाकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांना विचारताच त्यांनी आधी घड्याळाकडे आणि मग सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "जा की! पोळ्या मी लाटते." सराव पहाटेच्या गाडीवर बेतला. बाई पदर खोचून मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि आठवड्याभरात ती मुलगी परत आली. तिचा संघ काही फार मोठा चषक जिंकला नाही. एक फेरी जिंकली, दुसरीत हरली.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्या वाडीत गेलो. भातकापणी झालेल्या खाचरात बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद असे मैदान आखले होते आणि फक्की मारत होते मुलीचे वडील. माहेरपणाला आलेली ती वाडीतल्या पोरींना पकड शिकवत होती. मला पाहून वडील हसले. मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनीही मला काही विचारले नाही. बांधावर बसून आम्ही दोघांनी चहा घेतला.