आत्याच्या नाकावरचा ‘तीळ’

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमची आत्या राहते. तिच्या नाकपुडीच्या कडेला काळसर, चकाकणारी फोडी आली. सगळे म्हणाले, तीळ आहे. धारवाडची सून मात्र म्हणे, ‘‘अत्ते, मच्चेला असं रक्त येत नाही.’’ खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त. पण दुखत नव्हते आणि दुखत नव्हते म्हणूनच दवाखाना राहिला. आधी नातवाची मुंज, मग दिवाळी, मग ‘उन्हाळ्यात जखम चिघळते’. तीन वर्षे अशीच गेली.

तुकडा तपासला तेव्हा निघाला बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे त्याला ‘रोडंट अल्सर’ म्हणू लागले, कारण तो उंदरासारखा कुरतडतो. शरीरात दूरवर तो सहसा पसरत नाही, जिवावर क्वचितच बेततो. पण जागच्या जागी कातडी खातो, मग कूर्चा. डोळ्याजवळ असला तर पापणी आणि खोबणही. आपल्या सावळ्या कातडीवर तो बहुधा काळा दिसतो, म्हणून फसगत होते.

मग थांबायचे किती? २०२० मध्ये कोरोनामुळे शस्त्रक्रिया खोळंबल्या, तेव्हा लहान बेसल सेलसाठी काही महिने थांबायला हरकत नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले होते. मात्र ही सवलत तपासणीनंतरची. न तपासता घरी काढलेली वर्षे त्यात बसत नाहीत. कारण दिसायला तसाच असलेला फोड स्क्वेमस सेल जातीचा निघाला, तर तो भराभर वाढतो, जवळच्या गाठींत उतरतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्ये नोंदवलेला ‘धोतराचा कर्करोग’ याच जातीचा; कमरेला धोतर घट्ट बांधून वर्षानुवर्षे घासल्याने होणारा. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तो परकराच्या नाडीखाली आढळला. तेव्हा नाडीखालचा काळा वळ चिरला, जाड झाला, तर लाजू नये. महिनाभरात न भरणारा कोणताही फोड त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

वेळेवर गेली असती तर आत्याचे काम जागा बधिर करून चार टाक्यांत झाले असते. आता नाकपुडीचा तुकडाच काढावा लागला आणि कपाळाची कातडी वळवून नाक बांधावे लागले. ही युक्ती आपलीच बरे का! पुण्यात अशा रीतीने बांधलेल्या नाकाची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापली होती. पण कौतुक वाचणाऱ्याला. आत्या तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पूल घेऊन घरात बसली; मग तो कापून दुसरी शस्त्रक्रिया. शेजारच्या हळदीकुंकवालाही गेली नाही.

गाठ पूर्ण निघाली आहे, तरी तपासणीला जावेच लागते. परवा फोनवर सून सांगत होती, ‘‘आता अत्तेच आम्हां सगळ्यांना उजेडात बसवून तीळ बघतात.’’