आम्लातून उरलेलं

सकाळी ९:००
प्रयोगशाळेत शिरताच व्हिनेगरचा वास. प्लॅस्टिकच्या बादलीत १० टक्के ॲसिटिक आम्ल आणि त्यात जाळीवर ठेवलेला दगड, देहरादूनजवळच्या मालदेवताच्या फॉस्फोराइट खाणीतला. बुडबुडे थांबलेत, म्हणजे आम्लाचा जोर संपला. हायड्रोक्लोरिक आम्लानं काम झटपट उरकलं असतं. पण ते चुन्याबरोबर फॉस्फेटही खातं आणि हे जीवाश्म फॉस्फेटच्याच रूपात टिकलेत.

सकाळी १०:३०
तळचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर. नळ बारीक सोडायचा, नाहीतर जीवाश्मांच्या नळ्या मोडतात. वापरलेलं आम्ल सगळं ओतून देत नाही. त्यातलं कॅल्शियम ॲसिटेट नव्या आम्लाला आवरतं आणि फॉस्फेट शाबूत राहतं.

दुपारी १२:३०
गाळ मंद तापमानाच्या ओव्हनमध्ये, मी डब्याकडे.

दुपारी २:००
निवडणी. पंखा बंद. काळ्या ट्रेवर चिमूटभर गाळ, डोळा सूक्ष्मदर्शकाला, हातात ओला, अगदी बारीक ब्रश. तांदूळ निवडताना खडे काढतात. इथे जवळपास सगळे खडेच, क्वार्ट्झ आणि चर्टचे. मग मिलिमीटरभर लांबीची एक नळी येते, अंगावर तीन उभ्या खाचा: ॲनाबाराइट्स. पाठोपाठ मुळाशी रुंद, टोकाला सुईसारखा बाकदार काटा: प्रोटोहर्ट्झिना. आजच्या बाणकृमींच्या तोंडाशी भक्ष्य धरायला असेच काटे असतात.

ही जोडी सैबेरियात आणि चीनच्या युनानमध्येही कँब्रियनच्या आरंभीच्या थरांत मिळते. मालदेवताचे हे खडक, मसुरी परिसरातल्या ताल शैलसमूहाचे, पूर्वी डायनोसॉरांच्या काळातले मानले जात. १९८० च्या दशकात त्यांत असे जीवाश्म सापडले आणि त्यांचं वय ५० कोटी वर्षांपलीकडे गेलं.

दुपारी ४:३०
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची आपली पाळी. काट्यावर सोन्याचा पातळ थर देऊन फोटो. मोडलेल्या कडेवर बारीक तंतू स्पष्ट दिसतात.

संध्याकाळी ६:००
नोंदवही. आपल्याला मिळतात ते बहुधा सुटे अवयव. हॅल्किएरिया नावाच्या प्राण्याचे खवले कितीतरी वर्षं असेच सुटे मिळत होते. ग्रीनलंडमधला अख्खा प्राणी १९९० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की अंगभर खवले आणि दोन टोकांना दोन शिंपले, असा तो एकच जीव. म्हणून वहीत आधी खाणीतला थर आणि त्याची उंची, मग नमुना क्रमांक, हे सगळं शाईनं. प्राण्याचं नाव पेन्सिलीनं.