उमलतं वय (भाग ९) : ‘म्हणून’

आज झोपेवर लिहायचं कबूल केलं होतं. रात्री एकपर्यंत जागणारी मुलं आणि सकाळी सातची शाळा, हा विषय मी सोडलेला नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी एका ताईंचं पत्र आलं, आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतं आहे. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, आज तेवढंच लिहितो.

मुलगा आठवीत. दीड वर्षापूर्वी वडील गेले. “तेव्हा तो रडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी नेऊन देत होता. सगळे म्हणाले, पोर किती समजूतदार आहे.” यंदा जूनमध्ये त्याच्या हातून सायकलची चावी हरवली. ताई रागावल्या. त्या रात्री त्यानं स्वतःला इजा करून घेतली. आता तो बरा आहे, डॉक्टरांकडे नियमित जातो. पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलं होतं, “एवढ्याशा चावीसाठी कुणी असं करतं का हो?”

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी वीसेक वर्षं ऐकतो आहे. चावीच्या जागी कधी मोबाइल असतो, कधी कमी पडलेले मार्क, कधी वर्गासमोर झालेला अपमान. वर्तमानपत्रं हाच प्रश्न उत्तर म्हणून छापतात : ‘मोबाइल दिला नाही म्हणून…’, ‘आई रागावली म्हणून…’. मला या ‘म्हणून’ची भीती वाटते. त्या तीन अक्षरांत एका मुलाचं दीड-दोन वर्षांचं जगणं गडप होतं, आणि ज्या आईनं त्या दिवशी आवाज चढवला तिच्या माथी जन्मभराचा दोष येतो. भारतीय पत्रकार परिषदेनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेली आहेत. अशा घटनेला एकच एक कारण चिकटवू नये, असं त्या सूचना बजावतात. तरी ‘म्हणून’ काही मथळ्यांतून हटत नाही.

ताण मोजायचा कसा, यावर पहिली मोठी खटपट केली ती अमेरिकेतल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी, १९६७ मध्ये. त्यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली. लग्नाला ५० गुण धरले आणि त्याच्या तुलनेत बाकीच्या घटना लोकांकडून तोलून घेतल्या. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण मिळाले, घटस्फोटाला ७३. सुखाची घटनासुद्धा माणसाला नव्यानं घडी बसवायला लावते, म्हणजे तिचाही ताण येतोच, हे त्या यादीतून पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं. आणि घटनांची बेरीज करायची असते, हेही.

यादी मोठ्यांची होती. पुढे मुलांसाठी वेगळ्या याद्या झाल्या. १९८१ मध्ये रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज जास्त चांगला येतो. किशोरवयात तर ही बारीकसारीक बाब म्हणजेच सगळं जग असतं. मधल्या सुट्टीत डबा खायला शेजारी कोण बसतं, हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो. सातवीतल्या मुलीला तो रोज सकाळी पोटात गोळा आणतो.

मुलांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सात देशांत मिळून झालेला अभ्यास : ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, इंग्लंड, हंगेरी, आयर्लंड, नेदरलँड्स आणि नॉर्वे. तीस हजारांहून जास्त शाळकरी मुलं, बहुतेक १५-१६ वर्षांची. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त निघालं. या प्रकारांचा इतिहास जितका गंभीर, तितक्या त्या मुलांच्या आयुष्यातल्या ताणाच्या घटनाही जास्त : मित्रांशी भांडणं, छळ, अभ्यासात मागे पडणं, घरातलं आजारपण किंवा मृत्यू, जवळच्या कुणी स्वतःला केलेली इजा. ‘का केलंस?’ याचं सर्वाधिक मुलांनी दिलेलं उत्तर होतं : मनाची भयंकर अवस्था झाली होती, तिच्यातून सुटका हवी होती. ‘लक्ष वेधून घ्यायला करतात’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य इथंच मागे घ्यायला हवं. बहुतेक मुलं हे लपवतात.

तर आपला आठवीतला मुलगा. ताई त्याला घेऊन आल्या. तो बोलेना. मी त्याला वहीचं मागचं पान काढायला सांगितलं आणि पट्टीनं एक आडवी रेघ मारून घेतली, गेल्या दीड वर्षाची. म्हटलं, जे जे घडलं त्याचा एकेक ठिपका दे. पहिला ठिपका त्यानं पेन्सिल इतकी दाबून दिला, की पानाच्या मागे उमटला. बाबा. मग दुकान विकलं. मग मामांच्या गावी बिऱ्हाड हलवलं. नवी शाळा. कबड्डीच्या संघात घेतलं नाही. गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ४. पुढे एक ठिपका दिला आणि खोडून टाकला. मी विचारलं नाही. शेवटी चावी.

“चावीला काय होतं रे?” मी विचारलं.

“किचेन. बाबांनी जेजुरीहून आणलेली.”

ताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या रागावल्या होत्या त्या नव्या कुलपाच्या खर्चावरून.

हंडा काठोकाठ भरलेला असला, की सांडायला एक थेंब पुरतो. पण इथं तो थेंबही साधा नव्हता. कोणत्याही मोजपट्टीवर हरवलेल्या चावीला एकही गुण नाही, कारण पट्टी घटना मोजते. त्या घटनेला त्या पोराच्या लेखी काय अर्थ आहे, ते पोरालाच विचारावं लागतं.

एक मात्र स्पष्ट सांगतो. इतके ठिपके असणारी बहुसंख्य मुलं स्वतःला इजा करत नाहीत. ठिपके म्हणजे भविष्य नव्हे. ज्यांच्या भोवती ऐकून घेणारं एक तरी मोठं माणूस आहे, मग ती आत्या असो, पीटीचे सर असोत की शेजारच्या काकू, ती मुलं बरंच काही निभावून नेतात. काही ठिपके तर व्यवस्थेलाही पुसता येतात. तामिळनाडूत नापास झालेल्या मुलांना वर्ष वाया न घालवता लगेच पुन्हा परीक्षा देता यावी, यासाठी चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी चिकाटीनं पाठपुरावा केला आणि ती सोय झाली. आपल्याकडेही पुरवणी परीक्षा आहे. निकालाच्या दिवशी घराघरांत ती मुलाला आधी सांगितली जावी, असं मला फार वाटतं.

ताईंनी जाताना दारात थांबून विचारलं, “त्याला पुन्हा तसं वाटतं का, असं थेट विचारलं तर त्याच्या मनात नसलेलं भरवल्यासारखं नाही का होणार?” नाही होणार. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३०० हून जास्त मुलांवर हे तपासून पाहिलेलं आहे, २००५ मध्ये. थेट प्रश्न विचारल्यानं मुलांची तगमग वाढली नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत. तेव्हा विचारा. शांतपणे, टीव्ही बंद करून, शक्यतो शेजारी बसून. “तुला कधी जगणं नको वाटतं का?” असं साध्या शब्दांत. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका, आणि डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन मुलानंच करायला हवा असं नाही. गांगरलेल्या आईनंही करावा. पोलिसांच्या धास्तीनं उपचार लांबवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालतो, आणि तिची काळजी घेणं, तिला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतो.

झोपेचा भाग पुढच्या रविवारी नक्की. तोवर एक करा : घरातलं मूल रात्री खरोखर किती वाजता झोपतं आणि सकाळी किती वाजता उठतं, ते सात दिवस कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवा. पुढच्या वेळी ते आकडे लागतील.